फाटे फुटू द्या: डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश निवडायचा, जोखायचा आणि मुरवायचा कसा

केसांना फाटे फुटले की लोक तेल बदलतात, शाम्पू बदलतात, शेवटी कात्री काढतात. दाढीच्या ब्रशचं नेमकं उलटं आहे. डुकराच्या केसांच्या ब्रशला, म्हणजे बोअर ब्रशला, फाटे फुटत नाहीत तोवर तो मुठीत चिकटवलेला कच्चा मालच असतो. एवढी एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर माझा पहिला बोअर ब्रश आठ महिने खणात पडून राहिला नसता.

त्या ब्रशची पहिली सकाळ अजून आठवते. नळाखाली धरला, झटकला, साबणावर फिरवला. गालाला टेकवताच ओल्या जनावराचा वास आला आणि केस असे टोचले की दाढी करतोय की पातेलं घासतोय ते कळेना. साबणाच्या डबीत भरपूर दिसलेला फेस अर्ध्या गालापर्यंत पोचेस्तोवर गायब. चार दिवस सहन केलं, पाचव्या दिवशी ब्रश खणात गेला. पुढे जुना ब्रश मूठमूठभर केस गाळायला लागला, तेव्हा नाइलाजाने हाच बाहेर काढला. तीनेक आठवडे रोज वापरल्यावर एका सकाळी लक्षात आलं की टोचणं कधीच थांबलंय. ब्रश तोच होता, साबण तोच होता. ब्रश मुरला होता.

केस असतो कसा, आणि मऊ का होतो

'बोअर' म्हणजे रानडुक्कर. पण नाव रानडुकराचं असलं तरी ब्रशमधले केस बहुतेक पाळीव डुकराचेच असतात, पाठीवरचे लांब आणि राठ. त्यांचा व्यापार फार जुना. चीनमधून येणाऱ्या केसांना चुंगकिंग, हँको, तिएन्त्सिन अशी गावांच्या नावांचीच ओळख होती. १९३८ साली नायलॉनचा टूथब्रश बाजारात येईपर्यंत टूथब्रशसुद्धा बहुतेक याच केसांचे असत.

हा केस मुळाशी जाड असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. मुळाकडची बाजू मुठीतल्या डिंकात रुतलेली, निमुळतं टोक बाहेर. या टोकाला दोन किंवा तीन फाटे फुटण्याची उपजत सवय असते आणि मऊपणाचं सगळं गुपित तिथेच आहे. केसाचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. टोकाचे सारखे दोन भाग झाले की प्रत्येक भागाचा ताठपणा मूळच्या साधारण चौथाई, आणि दोन्ही मिळून निम्मा. वर टोकांची संख्या दुप्पट, त्यामुळे गालावरचा भार दुप्पट ठिकाणी वाटला जातो. खालचा केस मात्र जाड आणि दणकटच राहतो. म्हणून मुरलेल्या बोअर ब्रशची टोकं मखमलीसारखी लागतात आणि तरीही मागून तो दाढीला रेटा देतो. बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांच्या ब्रशला मऊपणा जन्मजात असतो, पण हा रेटा त्यातल्या फार थोड्या ब्रशांत सापडतो. सिंथेटिक ब्रश पहिल्या दिवशी जसा असतो तसाच शेवटपर्यंत राहतो. त्यात वाईट काहीच नाही, पण त्याच्यावर लिहिण्यासारखंही फारसं नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. बॅजरचा गुच्छ पाणी धरतो ते मुख्यतः केसांच्या मधल्या जागेत. डुकराचा केस स्वतः पाणी पितो, फुगतो आणि नरम पडतो. कोरडा बोअर ब्रश आणि पाच मिनिटं भिजलेला बोअर ब्रश या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नळाखाली धरून लगेच वापरणारा माणूस त्यातल्या पहिल्या वस्तूबद्दल मत बनवत असतो. मीही तेच केलं होतं.

निवडताना काय बघायचं

दोन मापं महत्त्वाची: गुच्छाचा व्यास, आणि मुठीच्या काठापासून टोकापर्यंत केसांची उंची. मूठ प्लास्टिकची की लाकडाची, रंग कोणता, हे त्यानंतर. ओल्या, साबणाच्या हातातून न निसटणारी मूठ चांगली, बाकी तुमची आवड. लाकडी मूठ दिसते सुरेख, पण तिचं व्हार्निश पाण्यापुढे फार दिवस टिकत नाही, एवढं लक्षात ठेवा.

दोन मापांपैकी उंचीचा परिणाम लोकांना वाटतो त्याहून खूप मोठा असतो. एका टोकाला पक्की धरलेली काडी वाकवायला लागणारा जोर तिच्या लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ६५ मिलीमीटर उंच केसाच्या तुलनेत तेवढ्याच जाडीचा ५० मिलीमीटरचा केस किती ताठ? १.३ चा घन, म्हणजे जवळजवळ २.२ पट. उंचीत फरक जेमतेम दीड सेंटीमीटरचा, पण गालावर दोन निराळे स्वभाव. म्हणून 'अमुक ब्रश मऊ आहे का?' या प्रश्नाला उंची विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

बोअर ब्रश म्हटलं की दोन कंपन्यांची नावं हमखास निघतात. एक ओमेगा, इटलीतल्या बोलोन्याचा, १९३१ पासूनचा. दुसरं सेमोग, पोर्तुगालचं. ओमेगाचे मोठे ब्रश, म्हणजे क्रमांक १००४८ आणि त्याचा भाऊ १००४९, उंच केसांचे आणि भरदार गुच्छाचे असतात. नाभिकाच्या खुर्चीशेजारी शोभतील असे: हलकी मूठ, लांब केस, पसरट फेस. सेमोगचा १३०५ त्याच्या दुसऱ्या टोकाला: लहान गुच्छ, आखूड केस, ठाम दाब. सेमोगच्या केसांच्या वर्णनात '९० टक्के टॉप्स' असा शब्दप्रयोग दिसतो. केसांच्या व्यापारात त्याचा अर्थ असा की त्या लॉटमधले इतके टक्के केस पूर्ण लांबीचे आहेत. आखूड केसांची भरती कमी, म्हणजे गुच्छाच्या माथ्यावर खरी टोकं जास्त.

खरी टोकं हा मुद्दा मी मापांच्याही वर ठेवतो. हलक्या प्रतीच्या ब्रशात गुच्छ बांधून झाल्यावर वरून कात्री फिरवून गोलाई आणलेली असते. कात्रीने निमुळती टोकं जातात आणि बोथट बुंधे उरतात. असा ब्रश कितीही वापरा, थोडाफार निवळतो, मऊ होत नाही. ओळखायचं कसं? ब्रश उजेडात आडवा धरा आणि माथ्याकडे बघा. खऱ्या टोकांचा माथा जरा विस्कटलेला, कडेला फिकट आणि धूसर दिसतो. कापलेला माथा हिरवळीवर यंत्र फिरवल्यासारखा एकसारखा. भिंग असेल तर प्रश्नच मिटला: टोक सुईसारखं आहे की खुंटासारखं ते लगेच दिसतं.

रंगाला भुलू नका. काही बोअर ब्रशांच्या केसांवर मधोमध काळा पट्टा रंगवलेला असतो. तो बॅजरसारखं दिसण्यासाठी, कामाशी त्याचा काही संबंध नाही. पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडा रंग सुटला तर घाबरू नका. पांढरे केलेले केस सुरुवातीला जरा मवाळ लागतात हे खरं, पण माझा कल न रंगवलेल्या, नैसर्गिक केसांकडेच आहे.

आता तुमच्यासाठी कोणता? वाडग्यात फेस करून मग चेहऱ्याला लावत असाल तर उंच केसांचा, २६ ते २८ मिलीमीटर गुच्छाचा ब्रश घ्या. थेट गालावर साबण घासून तिथेच फेस करत असाल तर ५० ते ५५ मिलीमीटर उंचीचा, २१ ते २४ मिलीमीटर गुच्छाचा. उंच ब्रशने गालावर फेस करायला गेलात तर तो लोळतो आणि फेस कानात जातो. आखूड ब्रश वाडग्यात घातलात तर बोटं वाडग्याच्या काठावर आपटत राहतात. दोन्ही प्रकार करून झाले आहेत.

पहिला दिवस: वास आणि गळणारे केस

नवा ब्रश आला की आधी कोरडाच तळहातावर उलटसुलट झटका, बोटांनी विंचरा. सुटे केस इथेच पडू द्या. मग कोमट पाण्यात थोडा साधा शाम्पू घालून गुच्छ हलक्या हाताने चोळून धुवा आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळा.

वास एका धुण्यात जाणार नाही. त्यावर माझा उपाय सोपा आहे: दाढीच्या साबणाचा घट्ट फेस करायचा, तो गुच्छात मुळापर्यंत भरायचा आणि ब्रश तसाच तीन-चार तास उभा ठेवायचा. मग धुवायचा. दोन-तीन दिवस असं केलं की वासाची धार जाते, उरलेला रोजच्या वापरात जातो. ओला असताना आठवडाभर थोडा वास येत राहणं अगदी नेहमीचं आहे. अत्तरं, बेकिंग सोडा, ब्लीच या वाटेला जाऊ नका. ब्लीच वास घालवतं आणि केसांचा जीवही घालवतं.

वासावरून काहींना रोगाची भीती वाटते, आणि तिला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांना दाढीच्या ब्रशातून अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना घडल्या होत्या. पण ते ब्रश घोड्याच्या केसांचे होते, बॅजरची नक्कल म्हणून बनवलेले, आणि केस नीट निर्जंतुक न करता वापरलेले. आजच्या नामांकित ब्रशाचा वास हा नुसता वास असतो.

केस गळण्याबद्दल: पहिल्या आठवड्यात रोज दोन-चार केस गेले तर काही बिघडत नाही. हे केस डिंकापर्यंत पोचलेलेच नसतात. महिन्यानंतरही रोज गळत असतील तर मात्र बांधणीत खोट आहे.

मुरवण्याची रीत

इथे लोक फार घाई करतात. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणं, खरखरीत चाळणीवर घासणं, केसांना कंडिशनर लावणं, अशा सगळ्या युक्त्या मी ऐकल्या आहेत आणि त्यातल्या काही करूनही पाहिल्या आहेत. रात्रभर भिजवल्याने केसाला पाच मिनिटांपेक्षा वेगळं असं फारसं काही मिळत नाही, मुठीला आणि डिंकाला मात्र भोगावं लागतं. चाळणीवर घासल्याने टोक फाटण्याऐवजी केस मध्येच तुटतो. आणि कंडिशनरने केसावर लेप बसतो: हाताला गुळगुळीत लागतो, पण फेस धरत नाही.

टोकं फाटतात ती केस ओला होऊन फुगणं आणि पूर्ण वाळून आकसणं या फेऱ्यांनी, सोबत थोडंसं हलकं घर्षण. या वाक्यातला महत्त्वाचा शब्द 'पूर्ण' आहे. दिवसातून तीनदा भिजवून ब्रश लवकर मुरेल असं वाटतं, पण तो मध्ये वाळतच नसेल तर फेरी पुरी होत नाही. म्हणून दिवसाला एक फेरी, फार तर दोन. ती अशी.

मगमध्ये हाताला सोसेल इतकं कोमट पाणी घ्या, चाळीस अंशांच्या आसपास. ब्रश त्यात फक्त केसांपुरता बुडवा, मुठीच्या काठापर्यंत पाणी जाऊ देऊ नका. मगाची खोली जास्त असेल तर पाणी कमी घ्या. उंच ब्रश मगमध्ये स्वतःच्या वजनावर उभा ठेवू नका, टोकं वाकून बसतात. काठाला टेकवून तिरका ठेवा. तीन ते पाच मिनिटं पुरे. तेवढ्या वेळात तोंड धुऊन घ्या.

बाहेर काढून ब्रश हलकेच पिळा आणि दोनदा झटका. पाणी टपकायचं थांबलं पाहिजे, पण केस ओलेकंच हवेत. केसांच्या आत पाणी आहेच, हे विसरून लोक बाहेरचंही पाणी ठेवतात आणि मग साबण पातळ झाला म्हणून कुरकुरतात.

आता साबणावर ब्रश फिरवा. दाब इतकाच की टोकांचा वरचा एक सेंटीमीटर वाकेल. नव्या ब्रशला साबण दुप्पट लागतो: एरवी अर्धा मिनिट फिरवत असाल तर पूर्ण मिनिट फिरवा. नंतर तळहातावर, अंगठ्याखालच्या मांसल भागावर, गोल फिरवत फेस करा. मध्ये टोकांवर पाण्याचे दोन-तीन थेंब घ्या, पुन्हा फिरवा. साधारण दोन मिनिटं. हेच ते हलकं घर्षण. तळहात गालापेक्षा किंचित खरबरीत असतो आणि टोचलं तरी तक्रार करत नाही.

मग त्याच फेसाने दाढी करा किंवा नुसता धुऊन टाका. आठवडाभर नुसताच तळहातावर घासून मग गालाला लावावा असं पुष्कळ जण सांगतात. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी तसंच करावं. मी तिसऱ्या दिवसापासून दाढीला घेतो, कारण टोकांत काय बदल होतोय ते कळायला गालासारखी दुसरी मोजपट्टी नाही.

शेवटी ब्रश वाहत्या पाण्याखाली धरून बोटांनी मुळाशी चेपा, पाणी नितळ होऊ द्या, पिळा, झटका, टॉवेलवर चार-पाच वेळा डावी-उजवीकडे पुसा. मग हवेशीर जागी ठेवा. उलटा टांगायचा की उभा, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. पाणी जातं ते वाफ होऊन. पिळून झटकलेला ब्रश उभा ठेवला तरी वाळतो, बंद कपाटात उलटा टांगला तरी नीट वाळत नाही. पुढची फेरी चोवीस तासांनी. मोठा गुच्छ दमट हवेत तेवढ्यात वाळत नाही. मुळाशी बोट घालून बघा, गार लागलं तर अजून ओल आहे. एक दिवस जाऊ द्या.

काय बदल दिसतो, आणि कधी

पहिल्या तीन-चार वापरांत काहीच होत नाही. ब्रश टोचतो, फेस गिळतो, वास मारतो. फेस गिळण्याचं कारण साधं आहे: टोकं एकसंध आणि ताठ असल्याने फेस वर ठरत नाही, केसांवरून घसरून मुळाकडे जाऊन बसतो. ब्रश मुठीजवळ बोटांनी पिळून बघा, हरवलेला फेस तिथे सापडेल. तोच पिळून गालाला लावा, वाया घालवू नका.

पाचव्या-सहाव्या वापरापासून गुच्छ उमलायला लागतो. सुरुवातीला मिटलेल्या कळीसारखा असलेला ब्रश आता भिजवून झटकल्यावर कडेने पसरतो. काही केस वाकडे होऊन बाहेर येतात आणि ब्रश बिघडला असं वाटतं. बिघडलेला नसतो.

दहाव्यापासून पुढे भिंग हातात घ्या. मी माझ्या दुसऱ्या ब्रशाच्या वेळी दर पाचव्या वापरानंतर कोरडा ब्रश खिडकीत धरून बघायचो. पाचव्याला टोकं सुयांसारखी होती, अधूनमधून एखादा चिमटा. दहाव्याला कडेच्या केसांत इंग्रजी 'वाय'सारखे फाटे ठळक दिसायला लागले, मधले केस अजून तसेच. पंधराव्याला मधेही फाटे, आणि कडेच्या काही केसांना तीन-तीन. विसाव्याला माथ्याचा रंगच फिका दिसत होता, कारण एकेका जाड टोकाच्या जागी बारीक टोकांचा झुबका होता. गालालाही त्याच सुमारास फरक कळला. म्हणजे कडा आधी मुरतात, मध्य नंतर, कारण फिरवताना कडा जास्त घासल्या जातात. मध्य मागे पडतोय असं दिसलं तर काही दिवस गोल फिरवण्याऐवजी रंगाऱ्यासारखं वर-खाली ओढा.

आखूड केसांचे ब्रश माझ्याकडे दहा-बारा वापरांत माणसांत आले. उंच, मोठ्या ओमेगाला वीसच्या वर लागले, कारण केसही जास्त आणि प्रत्येक केसावरचा दाबही कमी. पन्नाशीनंतर बदल इतका हळू होतो की रोज वापरणाऱ्याला जाणवत नाही.

एक सावधगिरी. फाटा हवा तो टोकाच्या काही मिलीमीटरांत. केस मध्यावरच तुटून आखूड तुकडे पडत असतील तर तुम्ही ब्रश फार दाबताय. ब्रश गालावर मुठीपर्यंत चेपायचा नसतो. जोर लावल्याने फेस वाढत नाही, फक्त गुच्छाच्या मध्यावर खड्डा पडत जातो, आणि तो खड्डा पुन्हा भरत नाही.

दोन ब्रशांची खरी तुलना

नव्या ब्रशाची जुन्याशी तुलना म्हणजे पहिलीतल्या पोराची पदवीधराशी शर्यत. तुलना करायची तर दोन्ही ब्रश सारख्या वापरांनंतर, निदान वीस. माझ्या वहीत प्रत्येक ब्रशाचं एक पान आहे आणि त्यावर रेघा मारलेल्या आहेत, दर वापराला एक. वीस रेघा झाल्याशिवाय शेरा लिहायचा नाही हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय आणि दोनदा मोडलाय. दोन्ही वेळा नंतर शेरा खोडावा लागला.

साबण एकच ठेवा, भिजवण्याचा वेळ एकच, साबणावर फिरवण्याचे सेकंद घड्याळ लावून मोजलेले. मग या गोष्टी टिपा. घरातल्या वजनकाट्यावर ब्रश कोरडा तोला, पाच मिनिटं भिजवून दोनदा झटकून पुन्हा तोला: फरक म्हणजे त्याने धरलेलं पाणी. भिजलेला गुच्छ सर्वांत रुंद जिथे आहे तिथे पट्टी लावा: हा त्याचा उमललेला घेर. ओला ब्रश तळहातावर सरळ टेकवून मूठ हळूहळू खाली दाबा आणि केस कधी मान टाकतात ते बघा: हाताला लागलेला जोर म्हणजे त्याचा रेटा. एकदा भरलेल्या साबणात किती वेळा पूर्ण चेहऱ्याला फेस लावता आला तेही मोजा. आणि शेवटी डोळे मिटून, फेस न लावता, नुसता ओला ब्रश गालावर गोल फिरवा. टोचला तर कुठे टोचला, कडेने की मध्यावर? कडेने टोचणारा ब्रश अजून कच्चा असतो. इतक्या वापरांनंतरही मध्यावरच टोचणाऱ्यात बहुधा आखूड भरतीचे केस जास्त असतात, आणि तो फारसा सुधारत नाही.

या कसोट्यांवर माझा हिशोब असा निघाला. उंच ओमेगा फेसाचा कारखाना आहे: वाडग्यात मिनिटभरात तीन वेळा पुरेल इतका फेस, गालावर लाडिक, पण दाट, राठ दाढीच्या मुळाशी फेस पोचवायला त्याला जास्त फेऱ्या लागतात. सेमोगचा आखूड ब्रश हनुवटीखालचे आडवेतिडवे केस उभे करतो. फेस कमी करतो पण नेमका करतो. रोज दाढी करणाऱ्याला मी ओमेगा सुचवेन, तीन-चार दिवसांनी करणाऱ्याला सेमोग. दोन्ही घ्यायचे असतील तर फारच छान, एक वाळत असताना दुसरा कामाला येतो.

माझ्या हातून झालेलं नुकसान, आणि निगा

लवकर मऊ व्हावा म्हणून मी एकदा एका ब्रशावर उकळतं पाणी ओतलं होतं. केस मऊ झाले नाहीत, डिंक झाला. दोन दिवसांनी झटकताना आख्खा गुच्छ मुठीतून निघून बेसिनमध्ये पडला. दोष सर्वस्वी माझा. तो दुरुस्त मात्र झाला: मुठीतला खड्डा खरवडून साफ केला, दोन भागांचा इपॉक्सी डिंक एकजीव करून थोडासा तळाशी घातला, गुच्छ सरळ बसवून चोवीस तास हात लावला नाही. डिंक जास्त घातला असता तर केसांत वर चढला असता आणि गुच्छ मुळाशी दगड झाला असता, म्हणून हात आखडता ठेवला. तो ब्रश आजही वापरात आहे.

बाकी निगा थोडकी आहे. पाणी जड असेल तर साबण आणि क्षार मिळून केसांवर पांढुरका थर धरतात, ब्रश कडक लागतो आणि फेस पुन्हा रुसतो. मुरलेला ब्रश अचानक टोचायला लागला तर आधी याच थराचा संशय घ्या. एक भाग पांढरा व्हिनेगर, दहा भाग कोमट पाणी, त्यात फक्त केस पाचेक मिनिटं हलवत धरा, मग भरपूर पाण्याने धुवा. महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे. प्रवासात ओला ब्रश नळकांड्यात बंद करून नेऊ नका. न्यावाच लागला तर पोचल्यावर पहिलं काम तो बाहेर काढणं. दोन दिवस कोंडलेल्या ओल्या गुच्छाला बुरशी लागते आणि तो कुबट वास नव्या ब्रशाच्या वासाहून वाईट असतो, शिवाय जात नाही.

आणि हात कधी टेकायचे? तीस वापर झाले, रोज पूर्ण वाळवला, व्हिनेगरनेही धुतला, तरी भिंगात टोकं खुंटासारखीच दिसतायत, तर तो कापलेल्या माथ्याचा ब्रश आहे आणि तिसाव्याला जसा आहे तसाच तीनशेव्यालाही राहील. माझ्याकडे असा एक आहे. रेझरच्या फटीत अडकलेले केस आणि साबण काढायला त्याच्याइतकं चांगलं हत्यार मला अजून मिळालेलं नाही.